दोन मीटर साठ

नव्या कॉम्प्युटरने सकाळी पावणेदहाला मला एक प्रश्न विचारला. झालं ते एवढंच. 'बाह्यरेषा बंद नाही. एकशे चौदा ठिकाणी टोकं जुळत नाहीत. जुळवून घेऊ का?' खाली दोन चौकटी होत्या, होय आणि नाही. होय निळ्या रंगात, उठावदार, पानपट्टीवाल्याच्या पाटीसारखी. नाही राखाडी, कोपऱ्यात, नको असलेल्या पाहुण्याला बसवावं तशी. माझा हात माउसवर होता आणि तो निळ्या चौकटीकडे निघालाही होता, पण वाटेत थांबला. का थांबला ते मला अजून नीट सांगता येत नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं सरळ विचारलं नव्हतं, हे एक कारण असेल. आमच्या सेमारांगमध्ये, ह्या समुद्रकाठच्या शहरात, सरळ विचारत नाहीत. आणि विचारलंच तर नाही म्हणत नाहीत. 'नाही' हा शब्द आमच्याकडे आहे, शब्दकोशात छापलेला आहे, पण वापरून वापरून गुळगुळीत झालाय तो दुसराच, 'अजून नाही'. लग्न झालं का? अजून नाही. हे काम येतं का? अजून नाही. सत्तर वर्षांच्या अविवाहित म्हाताऱ्यालासुद्धा कुणी विचारलं तर तो अजून नाही म्हणतो, आणि विचारणाराही मान डोलावतो, जणू उद्या सकाळी वरात निघणार आहे. कॉम्प्युटरला मात्र अजून नाही ही चौकट कुणी दिलेली नव्हती.

"बू, निळं दाबा की," शेजारच्या टेबलावरून तितिस म्हणाली. बू म्हणजे बाई, इथे सगळे मला तसंच म्हणतात. ती तिशीची आहे, हुशार आहे, आणि माझ्या पडद्यात बघत बघत स्वतःचं काम करते. "सगळं जग निळं दाबतं."

"बघते जरा," मी म्हटलं. बघते जरा म्हणजेही अजून नाहीच.

माझं काम सांगायला इतकं सोपं आहे की ते कुणाला पटत नाही. ड्राफ्ट्समन कॅडवर, म्हणजे रेखाटनाच्या सॉफ्टवेअरवर, सपाट नकाशा काढतो: कालवा, बंधारा, रस्ते, घरं, सगळं वरून बघितल्यासारखं, नुसत्या रेषा. मी त्या रेषा प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये आत घेते, त्यांना उंची देऊन भिंती उभ्या करते, त्या खोक्यात भरतीचं पाणी सोडते आणि कोण बुडतं ते बघते. मग अहवाल लिहिते की कुणी बुडत नाही. सॉफ्टवेअरची अट एकच असते, बाह्यरेषा बंद हवी. एका ठिकाणी जरी तुटली तरी त्याला आत कुठलं आणि बाहेर कुठलं ते कळेनासं होतं, आणि ते पाणी घेत नाही. माणसांचं तसं नसतं. आत काय आणि बाहेर काय हे न कळताही माणसं वर्षानुवर्षं पाणी घेत राहतात. म्हणून नकाशा आत घेण्याआधी तो साफ करायचा. एकावर एक काढलेल्या दोन रेषांतली एक पुसायची. झाडं पुसायची. एकदा उत्तर दिशेचा बाण पुसायचा राहिला, तर भरतीचं पाणी दोन तास त्या बाणाला वळसा घालून वाहत होतं. अहवाल मंजूर झाला. आमच्याकडचे घरबांधणीवाले सेंटिमीटरमध्ये काढतात आणि आम्ही मीटरमध्ये, त्यामुळे एका सार्वजनिक शौचालयाने एकदा आख्खं बंदर व्यापलं होतं. ते मात्र सापडलं, कारण त्या नकाशात जहाजं लावायला जागा उरली नव्हती. आणि सगळ्यात आधी अक्षरं पुसायची. कॅडमध्ये अक्षरांचा थर वेगळा असतो, तो एका फटक्यात काढून टाकायचा, कारण सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, ते अक्षरांच्याही भिंती उभ्या करतं. 'कालवा' ह्या शब्दाला पाणी अडतं. तर अक्षरं आधी काढा, ही आमच्या ऑफिसची पहिली शिकवण. मीही तीच शिकले आणि तितिसला मीच शिकवली.

जुना कॉम्प्युटर प्रश्न विचारत नसे, कारण त्याला तीन मीटरची सूट दिलेली होती. अकरा वर्षांपूर्वी एक परदेशी सल्लागार दोन आठवडे आला होता. त्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण तो रोज तीन ग्लास गोड चहा प्यायचा हे सगळ्यांना आठवतं. आमचे नकाशे बघून तो म्हणाला होता की तुमच्या रेषा एकमेकींशी भांडलेल्या बायकांसारख्या जवळ येऊन थांबतात. आम्ही हसलो होतो. पाहुणा काही म्हणाला तर हसायचं असतं. मग त्याने सूट तीन मीटरवर नेली. तीन मीटरच्या आत दोन टोकं आली की सॉफ्टवेअरने ती न विचारता जोडायची. काम चुटकीसरशी व्हायला लागलं. तो गेला, त्याची सूट राहिली. गेल्या आठवड्यात त्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा अडकला, जळका वास आला आणि तो गेला. नवा आला तो कारखान्यातून आला तसा, एक मिलिमीटरची सूट घेऊन. नव्या माणसासारखा. अजून काही कळत नसल्यामुळे तो सगळं विचारतो.

मी राखाडी चौकट दाबली. सॉफ्टवेअरने एकशे चौदा फटींची यादी समोर ठेवली. मी एकेक उघडून हाताने जोडायला बसले.

"एकशे चौदा?" तितिस म्हणाली. "बू, तुम्ही काय मासेमारीचं जाळं विणताय?"

"अहवाल चारला जायचाय. आत्ता दहा वाजलेत. जाळं झालं असतं विणून."

चार मिलिमीटर. बारा सेंटिमीटर. दोन मिलिमीटर, म्हणजे माशीच्या पायाएवढी. प्रत्येक फट मोठी करून बघायची, दोन उघडी टोकं एकमेकांकडे बघत असायची, आणि मी त्यांना एकत्र आणायची. ह्या कामात एक समाधान असतं. माझ्या नवऱ्याचं, प्रायित्नोचं, असंच एक टोक समुद्रापलीकडे बालिकपापानला आहे. नऊ वर्षांपूर्वी तो तिकडे तेलाच्या कंपनीत एका वर्षाच्या करारावर गेला. पहिली दोन वर्षं ईदला आला, तिसऱ्या वर्षी तो येण्याऐवजी सुक्या माशांची पेटी आली, मग पेटीही थांबली. दर ईदला गल्लीतल्या बायका विचारतात, "बू निंग, आले का हो?" आणि मी म्हणते, "अजून नाही." नऊ वर्षं. त्याच्या टेबलावरचा चष्मा मी दर शुक्रवारी पुसते. चष्म्याचा नंबर आता त्याचाही राहिला नसेल. ह्याला सूटच म्हणायचं. तीन मीटरच काय, अकराशे किलोमीटरची फट मी घरात बसून न विचारता जोडत आले आहे आणि माझ्या नकाशात तो माणूस अजून घरीच आहे. हे सगळं मला सदतीस नंबरच्या फटीवर सुचलं. अडतीस नंबर सात सेंटिमीटरची होती. ती मी जोडली.

सत्त्याऐंशी नंबरची फट दोन मीटर साठ सेंटिमीटरची निघाली. समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या उत्तर टोकाला, जिथे तंबाकवांगी नावाची कोळ्यांची वस्ती बंधाऱ्याला खेटून आहे तिथे. मी ती मोठी करून बघितली. राहून गेलेल्या रेषेचं टोक उघडं असतं, पेन उचलला गेला की तसंच सुटलेलं. ही टोकं उघडी नव्हती. दोन्हीकडे रेषेला काटकोनात एक लहानशी आडवी रेघ काढून टोक बंद केलं होतं, दाराच्या चौकटीला करतात तसं. विसरणारा माणूस विसरण्याला चौकट बसवत नाही. मी काही क्षण माउसवरून हात काढून मांडीवर ठेवला. मग सव्वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. मूळ नकाशा उघडून अक्षरांचा थर चालू केला. पडद्यावर अक्षरांचा पाऊस पडावा तशी नावं आली, गल्ल्यांची, मशिदीची, बर्फाच्या कारखान्याची, आणि त्या फटीच्या शेजारी, दीड मिलिमीटर उंचीच्या, रेघ मारल्यासारख्या सरळ अक्षरांत लिहिलं होतं: 'उघडी आहे. मोजली आहे. होड्या इथून जातात. बंद करू नये. — कास्मुन.'

पा कास्मुन. वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची आमच्याकडे सोय नाही म्हणून पा, पण मी त्या माणसाला वडीलधारा कधी मानला नाही. तो आमचा ड्राफ्ट्समन. स्वतः टेप घेऊन, चपला हातात धरून, चिखलात उतरून मोजायचा आणि मग ऑफिसात पाय धुऊन कॅडसमोर बसायचा. त्याच्या नकाशांना फटी फार. मी वैतागायचे. सगळ्यांच्या देखत म्हणायचे, "पा, तुमच्या रेषांची एकमेकींशी ओळख नाही का?" तो म्हणायचा, "भिडतात तिथे भिडवतो, बू. नाही तिथे नाही." हे मला उर्मटपणाचं वाटायचं. 'नाही' हा शब्द इतका उघडानागडा वापरणारा आमच्या ऑफिसात तो एकटाच होता. अकरा वर्षांपूर्वी, सल्लागार येऊन गेल्यावर, वार्षिक मूल्यमापनात मी त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिली: 'रेषा जुळत नाहीत, काम निष्काळजी.' त्याला कागदांच्या खोलीत पाठवलं. तिथे तो चार वर्षं जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांना नंबर घालत बसला, आणि निवृत्त झाला तेव्हा आम्ही त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याने ते सगळ्यांसमोर कानाला लावून बघितलं होतं. त्याचाच नकाशा मात्र आम्ही ठेवून घेतला. पहिला अहवाल त्यावर, सहा वर्षांपूर्वीचा दुसरा अहवाल त्यावर, आणि आजचा तिसराही त्यावरच, कारण पुन्हा चिखलात उतरून मोजणारं कुणी उरलं नव्हतं. दोन्ही अहवालांत तंबाकवांगी खडखडीत कोरडं होतं. खाली सही माझी होती. प्रत्यक्षात तिथे दर मोठ्या भरतीला, आभाळात ढग नसताना, घरात मांडीभर पाणी येतं. आमच्या लोकांना ते माहीत होतं. 'स्थानिक गटारांचा दोष' असं त्याला अहवालात नाव होतं. ते वाक्यही माझंच. मला वाटतं, चांगलं वाक्य होतं.

आता दोन मीटर साठ ही तीनपेक्षा कमी असते हे समजायला इंजिनियर व्हावं लागत नाही. अकरा वर्षं आमच्या सॉफ्टवेअरने ती फट न विचारता बुजवली होती. आज चारला जो अहवाल जायचा होता त्यावर ठरणार होतं की ह्या बंधाऱ्याला कुठे पाण्याचा दरवाजा बसवायला हवा आहे की नाही. भरतीला बंद होईल आणि एरवी होड्यांसाठी उघडा राहील असा एक लोखंडी दरवाजा, बाकी काही नाही. तंबाकवांगी कोरडं दिसलं तर दरवाजा नाही. बंधारा पूर्ण म्हणून नोंदवला जाईल आणि पुढची तपासणी दहा वर्षांनी. आमची जमीन ज्या वेगाने खचते आहे त्या हिशेबाने दहा वर्षांनी तंबाकवांगीची तपासणी पाणबुड्याला करावी लागेल.

जेवणाच्या सुट्टीत मी तंबाकवांगीला जायला स्कूटर काढली; पा कास्मुनही त्याच वस्तीत राहतो. तिथे जाऊन काय बघणार होते ते मला माहीत नव्हतं. फट आहे हे कळायला जायची गरज नव्हती. पण पडद्यावरची फट जोडता येते, म्हणून गेले असेन. आमच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत रस्ता पाण्याच्या वर राहावा म्हणून दर काही वर्षांनी त्यावर भर घालतात, मग घरं रस्त्याच्या खाली जातात, मग लोक घरातली जमीन भरून वर घेतात, आणि छप्पर मात्र होतं तिथेच राहतं. त्यामुळे घरं उंचीने कमी होत जातात, म्हाताऱ्या माणसांसारखी. पा कास्मुनच्या दाराची चौकट माझ्या छातीशी आली. आत जायचं तर कमरेत वाकावं लागतं. मी वाकले. आत तो चटईवर बसून तळलेला मासा आणि भात खात होता. मला बघून उठला नाही, उठला असता तर डोकं तुळईला लागलं असतं.

"या, बू निंग," तो म्हणाला. "इंजिनियर लोकांनी माझ्यापुढे वाकून यावं अशी माझी फार इच्छा होती. तीनदा भर घालावी लागली त्यासाठी."

भिंतीवर आम्ही दिलेलं घड्याळ होतं. भिंत कमी झाल्यामुळे ते कमरेच्या उंचीवर आलं होतं आणि चालू होतं. त्याच्या बायकोने मला पाण्याचा ग्लास दिला आणि सुक्या मिरचीची चटणी समोर सरकवली. मी जेवून आल्याचं सांगितलं. ते खोटं होतं आणि ते त्या दोघांनाही कळलं.

"पा," मी म्हटलं, "तुमचा नकाशा आज पुन्हा उघडला. अक्षरांसकट."

तो काटे काढत राहिला. "अक्षरांसकट? मग आज दिवस बराय."

"तुम्ही तोंडी का नाही सांगितलंत? तेव्हा."

"लिहून सांगितलं होतं. लिहिलेलं ऑफिसात जास्त टिकतं असं मला तुमच्याच संचालकांनी, पा हार्सोयोंनी, शिकवलं." त्याने एक काटा ताटाच्या कडेला ठेवला, आधीच्या काट्यांच्या रांगेत, सरळ. "आणि तोंडी सांगून काय झालं असतं हो? तुम्ही हसला असतात. तेव्हा तुमचं हसणं फार मोठं होतं. पार जिन्यापर्यंत यायचं."

"हो," मी म्हटलं.

"तुम्ही दोनदा बंद केलीत म्हणे. अहवाल आला होता वस्तीच्या प्रमुखाकडे, मी वाचला. छान बांधलेला होता. आमच्या सत्तर होड्या अकरा वर्षं तुमच्या भिंतीतून आरपार ये-जा करतात. भुतांसारख्या." तो हसला. "माझी बायको म्हणते, बरंय, मेल्यावर सवय करावी लागणार नाही."

"बंद झाली असती खरंच, म्हणजे भिंत, तर पाणी तरी आलं नसतं," मी म्हटलं. मी अजून स्वतःची बाजू मांडत होते, ते ऐकून मला आश्चर्य वाटलं.

"तर होड्या आत राहिल्या असत्या आणि आम्ही भूक लागली की अहवाल खाल्ला असता. आम्हाला फट बुजवून नकोय, बू. आम्हाला दार हवंय. फट आणि दार ह्यात फरक असतो. तो फरक दाखवायला मी टोकाला ती आडवी रेघ काढली होती." त्याने हात धुतले. "मापताना भरती होती. गळ्यापर्यंत पाण्यात उभा होतो. सव्वा सेंटिमीटरची चूक असू शकेल, एवढी सूट द्या."

मी बाहेर पडताना पुन्हा वाकले. बंधाऱ्यावर चढून ती जागा बघितली. एक होडी बाहेर जात होती, दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून, आणि सुकाणूवरच्या बाईने दोन्हीकडच्या दगडांकडे बघितलंसुद्धा नाही. ती हे रोज करत असणार. मी टेप आणला नव्हता. मोजायची गरज वाटली नाही.

परत आले तेव्हा माझ्या टेबलावर नारळाच्या वड्यांचा खोका ठेवलेला होता. विंगको, स्टेशनजवळच्या दुकानातल्या, अजून गरम. पा हार्सोयो आमचे संचालक. त्यांनी कधी आवाज चढवल्याचं ऑफिसात कुणाला आठवत नाही. ते रागावले की खाऊ आणतात. तितिस माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा नुसतेच उभे होते. मी काही सांगितलं नाही. फक्त फट सांगितली."

"फक्त."

"विचारलं त्यांनी. मी काय, अजून नाही म्हणू?"

पा हार्सोयो आले तेव्हा मी उरलेल्या सत्तावीस फटी जोडून पाणी सोडलं होतं. फट उघडी ठेवून बाह्यरेषा बंद करता येते. त्या दोन मीटर साठला भिंत न म्हणता पाणी आत येण्याची जागा म्हणायचं, सॉफ्टवेअर ते निमूट मान्य करतं. इतकं सोपं होतं. हिशेब पुरा व्हायला चाळीस मिनिटं लागतात आणि तोवर पडद्यावर निळं हळूहळू सरकत असतं. ते त्या फटीतून आत आलं, आधी लाजल्यासारखं, मग पसरलं, बर्फाच्या कारखान्याला वळलं, गल्लीत शिरलं, दुसऱ्या गल्लीत शिरलं. पा कास्मुनचं घर नकाशात एक चौकोन होतं. त्याचा रंग बदलला. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि त्या क्षणी मला माझ्याच घरातला तो चष्मा आठवला, पुसलेला, कुणाचीही वाट न बघणारा. वाट मी बघत होते, चष्मा नाही. मग हेही लक्षात आलं की मीसुद्धा बघत नव्हते. बऱ्याच वर्षांपासून नव्हते. नुसतं तसं म्हणत होते.

"बू निंग," पा हार्सोयो खुर्ची ओढून हळूच बसले, "यंत्राचं एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. नवं आहे. विचारतं. आपण समजून घ्यायचं."

"समजून घेतलं, पा. ते बरोबर विचारतंय."

"दोन मीटर साठ म्हणजे काय हो? एक सायकलरिक्षा जाईल एवढी जागा."

"रिक्षा जाते तिथून पाणीही जातं. त्याला भाडंही पडत नाही."

ते हसले. पाहुण्याच्या बोलण्यावर हसावं तसं हसले. "आधीच्या दोन अहवालांत तर ही फट नव्हती."

"फट होती. अहवालात नव्हती."

"त्या दोन्हींवर सही तुमची आहे, बू." हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं माझ्या तब्येतीची चौकशी चालली आहे. "लोक विचारतील. मला काळजी वाटते ती तुमची. दोन वर्षांत निवृत्ती. पूर्वीचं सगळं उकरून काढलं तर तुम्हाला ह्या टेबलावर ठेवणं मला जड जाईल. कागदांच्या खोलीत तशी जागा रिकामी आहे, पण तुमच्यासारख्या माणसाला मी तिथे कसं पाठवू?"

"तिथे खिडकी आहे," मी म्हटलं. "इथे नाही."

त्यांनी पडद्याकडे बघितलं. निळं आता मशिदीच्या पायरीपर्यंत आलं होतं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, हे मला इथे लिहिलं पाहिजे. त्यांच्या आईचं घरही उत्तरेलाच होतं आणि ते त्यांनी पाच वेळा भरून घेतलं होतं. सहाव्यांदा भरायला छपराखाली जागा उरली नाही. त्यांनी खोक्याचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे सरकवलं. "तीन मीटरची सूट आपली रीतच आहे," ते म्हणाले, "ती लावून एकदा चालवून बघा. मी चारला येतो." आणि उठताना माझ्या खुर्चीच्या पाठीवर हलकेच हात ठेवून गेले. तितिसने तिच्या पडद्यावर काहीतरी मोठमोठ्याने टाइप करायला घेतलं. नंतर बघितलं तर तिने एकच अक्षर दोन पानं भरून टाइप केलं होतं.

सूट लावायला दोन सेकंद लागतात. एका चौकटीत तीन हा आकडा. मी त्या चौकटीपर्यंत गेले हे नाकारत नाही. कागदांच्या खोलीत जाण्याची मला भीती नव्हती. भीती वाटली ती जिन्यापर्यंत जाणाऱ्या हसण्याची. आता ते दुसऱ्या कुणाचं तरी असणार होतं, आणि मला त्याचा आवाज माहीत होता. मी ती चौकट बंद केली. निळं पूर्ण होऊ दिलं. दोनशे बारा घरं. सगळ्यात खोल ठिकाणी नव्वद सेंटिमीटर. त्याचा नकाशा अहवालात घातला आणि अक्षरांचा थर चालू ठेवला, म्हणजे त्या फटीच्या शेजारी 'उघडी आहे. मोजली आहे.' हे जसंच्या तसं छापलं गेलं. शेवटी एक परिच्छेद जोडला की आधीच्या दोन्ही अहवालांतला तंबाकवांगीचा निष्कर्ष चुकीचा आहे, चूक नकाशाची नसून नकाशा आत घेताना दिलेल्या तीन मीटरच्या सुटीची आहे, आणि ती सूट खाली सही करणारीने तपासली नव्हती. 'गटारांचा दोष' हे वाक्य काढलं. इतकं चांगलं वाक्य काढताना वाईट वाटलं. नकाशाच्या कोपऱ्यात नावांचा चौकोन असतो. 'रेखाटन' ह्या जागेवर पा कास्मुन निवृत्त झाल्यापासून एक आडवी रेघ होती. तिथे त्याचं नाव घातलं. 'तपासणी'समोर माझं. 'मान्यता' रिकामं ठेवलं. ती जागा माझी नव्हे. मग वरच्या कार्यालयाचा पत्ता भरून तीन वाजून बावन्न मिनिटांनी फाइल पाठवून दिली. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की? ह्या वेळी मी निळं दाबलं.

"गेली?" तितिसने विचारलं.

"गेली."

"मग आता वड्या खाऊ का? मघापासून वास येतोय, पण त्या कुठल्या बाजूच्या ते कळेना."

तिने दोन घेतल्या. मला एकदम कडकडून भूक लागली. मी एक खाल्ली. कडेला करपलेली, मध्ये मऊ, नारळ दाताखाली येणारा. घरी जाऊन तो चष्मा पेटीत घालायचा आणि पेटी माळ्यावर टाकायची, असं मनात आलं आणि त्यात काही विशेष वाटलं नाही. ह्या ईदला बायका विचारतील तेव्हा उत्तर एका शब्दाने लहान होईल. त्यांना ते कसं घ्यायचं ते कळणार नाही, त्या थांबतील, आणि थांबू देत.

चारला पा हार्सोयो आले. हातात दुसरा खोका होता. जिना चढून आल्यामुळे थोडी धाप लागली होती. त्यांनी खोका पहिल्या खोक्यावर नीट कडेला कड लावून ठेवला आणि पडद्याकडे न बघता, माझ्याकडेही न बघता, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "मग, बू निंग, बंद केली ना फट?"

"नाही," मी म्हटलं.

ते थांबले. ह्या शब्दाच्या पुढेमागे आमच्याकडे जे असतं त्याची ते वाट बघत होते. त्यांची मान डोलवण्यासाठी अर्धी वर येऊन तशीच राहिली होती. तितिसचं टाइप करणं बंद झालं होतं. मी दुसरी वडी उचलली आणि आख्खी तोंडात घातली. तोंडात घास असताना आमच्याकडे बोलत नाहीत.